थोरलीसाठी एक शत्रू

"अहो, पण तुम्हाला मारायला येणार कोण?"

"ते तू ठरवू नकोस. कुणीही येऊ शकतं."

"एक नाव सांगा. एकच."

"नाव माहीत असतं तर लिहून मोकळा झालो नसतो? केव्हापासून पेन धरून बसलोय!"

"एकसष्ट वर्षांत तुम्हाला एका माणसाशी धड वाकडं घेता आलं नाही. आणि आता आठ दिवसांत शत्रू पाहिजे. कुठून आणू? वाण्याकडून?"

"तू काही आणू नकोस. तू फक्त गप्प बस."

"गप्पच होते मी. कपाट रिकामं करा, एवढंच बोलले. तुम्ही जाऊन थोरलीला विकून आलात."

"कपाटात दुसरं होतं काय? सांग ना! होतं काय दुसरं?"

नेमकं याच वेळी मी दार ढकललं आणि दारामागचं इस्त्रीचं टेबल माझ्या खांद्यावर कोसळलं. दोघंही माझ्याकडे न बघता एका सुरात म्हणाले, "सांभाळून!" आणि पुन्हा एकमेकांकडे वळले.

माझ्या मामाच्या घरात शिरायची रीतच ही. दार ढकलायचं, टेबल अंगावर घ्यायचं, ते परत भिंतीला टेकवायचं आणि मग चपला काढायच्या. त्या टेबलाला घरात जागा नाही. जागा एकच होती, हॉलमधल्या लोखंडी उभ्या कपाटात, आणि तिथे एकतीस वर्षं थोरली राहायची.

थोरली म्हणजे मामाची बंदूक. दुनळी, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, दस्त्यावर डाव्या बाजूला अंगठ्याएवढी गुळगुळीत खळगी. ती खळगी कारखान्यातून आलेली नव्हती, मामाच्या अंगठ्याने पाडलेली होती. लग्नाच्या एक वर्ष आधी ती घरात आली, म्हणून मामीने तिचं नाव थोरली ठेवलं. नवी नवरी घरात आली तेव्हा मामाने म्हणे आधी कपाट उघडून ओळख करून दिली. "ही बघ." मामी म्हणाली, "बघितली. आता मी कपडे कुठे ठेवू?" संसाराची सुरुवातच या प्रश्नाने झाली आणि तीस वर्षं त्याचं उत्तर मिळालं नाही.

मामा बँकेच्या दारावर होता. नोकरीची जाहिरात होती, 'दारावर माणूस पाहिजे, स्वतःची बंदूक असलेला.' मामाकडे तेव्हा नोकरीही नव्हती आणि बंदूकही नव्हती. त्याने आधी बंदूक मिळवली. म्हणून त्याचं पक्कं मत होतं की बँकेने खरं तर थोरलीला कामावर ठेवलं, आणि तिला धरायला म्हणून त्याला. वर्दी बँकेची, स्टूल बँकेचं, बंदूक आपली. लोक त्याला नावाने ओळखत नसत. बंदूकवाले काका म्हणत. आता बंदूक नाही, तरी तेच म्हणतात. मामाला ते ऐकून तोंडात मारल्यासारखं होतं.

एकतीस वर्षांत त्याने एकही गोळी झाडली नाही. काडतुसं दोन, तीच ती, शर्टाच्या खिशात. मामीने एकदा त्यातलं एक शर्टाबरोबर धुतलं, पिळलं आणि दोरीवर चिमटा लावून वाळतही घातलं. त्यानंतर ते उडेल की नाही कुणालाच ठाऊक नव्हतं. मामा म्हणायचा, "उडायची वेळ येऊ नये म्हणून तर मी आहे."

संकटाचा प्रसंग म्हणाल तर एकच. दुपारी एक माणूस तोंडाला फडकं गुंडाळून आत शिरला. मामा उठला आणि म्हणाला, "फडकं काढा." माणूस बोलेना. नुसते हातवारे करू लागला. खिडकीतल्या बाईंनी ते पाहून हात वर केले. मग सगळ्यांनीच केले. आणि आपण एकटेच कसे उभे राहायचे म्हणून मामानेही वर केले. एका हातात थोरली होती. मग फडकं सुटलं आणि खाली टम्म सुजलेला गाल निघाला. अक्कलदाढ. बिचारा पासबुकात नोंद करून घ्यायला आला होता. मामाने त्याला आपल्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. ही हकिकत मामा सांगतो तेव्हा शेवटी न चुकता म्हणतो, "पण तिला बघून तोही टरकला होता, हं."

वर्ष झालं, बँकेने दारावर दोन कॅमेरे लावले आणि मामाला हार घालून घरी पाठवलं. घरी आल्यावर तो घराच्याच दारात स्टूल टाकून बसू लागला. दूधवाल्याची पिशवी तपासायचा. वरच्या मजल्यावरच्या आजी जिना चढताना आपणहून पर्स उघडून दाखवू लागल्या. सहा महिने मामीने सहन केलं. मग एक दिवस टेबल तिच्या पायाच्या अंगठ्यावर पडलं आणि ती ओरडली, "ते कपाट रिकामं करा आधी!"

मामा उठला, कपाट उघडलं, थोरलीला जुन्या चादरीत गुंडाळलं आणि बंदुकीच्या दुकानात गेला. दोन तासांत परत आला. परवाना जमा, बंदूक जमा, चादर परत. चादरीची घडी घालून मामीच्या हातात दिली आणि म्हणाला, "झालं रिकामं."

दोघंही रागात होते. मामीला वाटलं, हा दोन दिवसांत परत घेऊन येईल. मामाला वाटलं, ही उद्या म्हणेल, जा, घेऊन या. दोघं वाट बघत राहिली. आणि गंमत अशी की टेबल कपाटात गेलंच नाही. कपाट रिकामंच राहिलं. मामा किल्ली लावेना, मामी काही ठेवेना.

रविवारी तर बघवत नसे. रविवारी सकाळी थोरलीची आंघोळ असायची. मामा जमिनीवर वर्तमानपत्र पसरायचा, नळ्या वेगळ्या करायचा, तेलाची बाटली काढायचा. मामी जुन्या उशीच्या खोळीच्या पट्ट्या टराटर फाडून द्यायची. मामा पट्टी सळईला गुंडाळून नळीतून फिरवायचा. मग मामी नळी उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरायची आणि एक डोळा मिटायची.

"दिसतंय आरपार?"

"दिसतंय. शिंपी दिसतोय. जांभई देतोय."

"डाग?"

"शिंप्याच्या शर्टावर आहे. नळीत नाही."

तीस वर्षं. समोरच्या रस्त्यावरचं सगळं मामीने त्या दोन गोल भोकांतून पाहिलं होतं. थोरली गेल्यावर पहिल्या रविवारी मामाने सवयीने वर्तमानपत्र पसरलं, तेलाची बाटली काढली आणि मग नुसताच बसून राहिला. शेवटी त्याने इस्त्रीच्या टेबलाचे पाय पुसायला घेतले. तेल लावून, पट्टी फिरवून, चकचकीत. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक कपड्याला बंदुकीच्या तेलाचा वास येत होता. नाटकाच्या तालमीला मी मामीने इस्त्री केलेला कुर्ता घालून गेले तर आमचे दिग्दर्शक नाक वर करून म्हणाले, "कुणाचा खून करून आलीस?"

आणि मग मामा रोज बंदुकीच्या दुकानासमोर जाऊन उभा राहू लागला. थोरली काचेच्या कपाटात तिसरी. मी एकदा गेले होते त्याला डबा द्यायला. पाहते तर मामा दुकानाच्या दाराशी ताठ उभा, डावा हात असा अर्धवट वळलेला, त्यात काहीच नाही. येणारं गिऱ्हाईक त्याला पिशवी उघडून दाखवत होतं आणि तो मान हलवून आत सोडत होता.

दुकानदार मला म्हणाला, "ताई, तुमच्या मामांना मी काही म्हणत नाही हो. उलट स्टूल दिलंय. पण माझ्याच बायकोची पिशवी तपासली काल."

"काय सापडलं?" मामाला राहवलं नाही.

"काका, ती भाजी घेऊन आली होती!"

"मग काय? भाजीच्या खालीच ठेवतात लोक."

"बरं, ते जाऊ द्या. तुम्हाला सांगायचं होतं. तुमची ती दुनळी तीस तारखेला जाणार. नाटक-सिनेमांना सामान पुरवणारा एकजण येऊन ठरवून गेलाय. नळ्या शिशाने बुजवायच्या, चाप काढायचा, मग नुसती दाखवायची वस्तू. त्याला परवाना लागत नाही."

मामाचा चेहरा उतरला. "नळ्या बुजवणार?"

"दोन्ही."

"मग आरपार कसं दिसणार?"

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

"मी परत घेतो तिला," मामा म्हणाला.

"घ्या की. जेवढ्याला दिलीत तेवढ्यालाच घ्या, मी वर काही मागत नाही. फक्त परवाना दाखवा."

परवाना! इथेच सगळं घोडं अडलं. जुना तर बंदुकीबरोबर जमा केलेला. नवा हवा तर अर्ज. अर्जात एक ठळक प्रश्न, 'बंदूक कशासाठी हवी?' खाली चार कारणं छापलेली. राखणदाराची नोकरी. तिला वयाची अट होती आणि मामा ती ओलांडून बसला होता. नेमबाजी. त्यासाठी नेम दाखवावा लागतो, आणि मामाला आवाजाची भीती वाटते, हे त्याने मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं. "फटाक् झालं की मी कान झाकून खालीच बसतो गं." तिसरं कारण पिकांचं रक्षण. त्यावर मामाने पहिला अर्ज केला. शेतीचं ठिकाण, गॅलरी. क्षेत्र, चार कुंड्या. पीक, टोमॅटो. उपद्रवी प्राणी, कबुतर. चार दिवसांत तो अर्ज परत आला. वर लाल शाईत लिहिलं होतं, 'जाळी लावावी.'

उरलं चौथं कारण. जिवाला धोका. त्याखाली दोन रकाने. 'धोका कोणाकडून?' आणि 'धमकीचा पुरावा जोडावा.'

मी टेबल भिंतीला टेकवून आत आले तेव्हा भांडण याच रकान्यावर अडलं होतं.

"तू सांग गं," मामा मला म्हणाला. "मला कुणी मारू शकतं की नाही?"

"मामा, तुला लोक जिन्यात हात जोडतात."

"तेच तर! आयुष्यभर लोकांशी चांगलं वागून काय मिळालं? ऐन वेळेला एक शत्रू नाही."

"शिंप्याला विचारून आले ना," मामी म्हणाली. "सांगा तिला."

मामा जरा ओशाळला. शिंप्याशी चार वर्षांपूर्वी त्याची पाण्याच्या नळावरून बोलाचाली झाली होती. तेवढ्या आशेवर तो खाली गेला होता आणि त्याने स्पष्टच विचारलं होतं, "तुम्ही मला धमकी द्याल का? लेखी?" शिंप्याच्या हातातली कात्री गळून पडली. "काका, माझ्याबद्दल असं मनात आलंच कसं तुमच्या?" त्याचे डोळे भरून आले. त्याने मामाला बसवून चहा पाजला आणि पँटची सैल झालेली कंबर फुकट आत घेऊन दिली.

"म्हणजे संबंध आणखी सुधारले," मामी म्हणाली. "आहे का काही सोय तुमची!"

मामाने माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी ओळखते. तालमीत कुणी गैरहजर असलं की दिग्दर्शक याच नजरेने माझ्याकडे बघतात.

"तू नाटकात असतेस ना? तुम्ही लोक तर दुसऱ्याच्या नावाने बोलताच. एक पत्र लिही. निनावी."

"मामा, हे खोटं होईल."

"धोका खोटा आहे. पण गरज खरी आहे."

मी नको नको म्हणत होते. पण त्याने कपाटाचं दार उघडलं आणि आतल्या रिकाम्या जागेकडे बोट दाखवलं. तळाला रबराचा एक तुकडा होता, दस्ता टेकायचा. त्यावर दस्त्याचा ठसा उमटलेला. मी कागद घेतला. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून पेन डाव्या हातात धरलं.

"लिही," मामा पाठीमागे हात बांधून फेऱ्या मारू लागला. "सप्रेम नमस्कार."

"धमकीत नमस्कार?" मामी स्वयंपाकघरातून म्हणाली.

"बरं, नमस्कार नको. लिही, आपणांस कळविण्यात येते की, आपला जीव घेण्यात येणार आहे."

"मामा, ही बँकेची नोटीस वाटते."

"मग कसं लिहितात?"

"तुझा मुडदा पाडतो, असं काहीतरी."

"अनोळखी माणूस मला एकदम अरेतुरे कशाला करेल? मी वयाने मोठा असेन त्याच्यापेक्षा."

"अहो, तो जीव घ्यायला निघालाय!" मामी बाहेर आली. "त्याला वयाचं काय पडलंय?"

"निघालाय म्हणून काय रीतभात सोडेल? तू पुढे लिही गं. तरी आपण सवडीने तयारीत राहावे."

"सवडीने काढा," मामी म्हणाली.

"बरं, सवडीने काढ. कारण लिही. जुने वैर."

"कसलं?"

मामा थांबला. खूप विचार केला. मग म्हणाला, "लिही, कारण आपणांस ठाऊक आहेच."

शेवटी तीन ओळींचं पत्र तयार झालं. ते मामाने चारदा वाचलं आणि चौथ्या वेळेला म्हणाला, "बाप रे!" त्यावरून ते जमलंय असं आम्ही धरलं. पाकिटावर मी डाव्या हाताने मामाचं नाव आणि पत्ता लिहिला. पोस्टाचा शिक्का हवा, नाहीतर पुरावा कसला? पण मामाने स्वतः ते पेटीत टाकणं बरं दिसलं नसतं. मामी बाजारात निघाली होती. ती म्हणाली, "आणा इकडे, जाता जाता टाकते." पाकीट पिशवीत टाकलं, टेबल बाजूला केलं आणि ती गेली.

दोन दिवसांनी पत्र आलं. मामाने ते हातात घेतलं नाही. पुराव्याला बोट लावायचं नसतं, हे त्याला बँकेत कुणीतरी सांगितलं होतं. त्याने स्वयंपाकघरातून चिमटा आणला आणि पोस्टमनच्या हातातून चिमट्याने पाकीट उचललं. पोस्टमन एक पाऊल मागे सरला. मामाने पाकीट अलगद प्लॅस्टिकच्या पिशवीत सोडलं, त्याचं नाव वर येईल असं, पिशवी मेणबत्तीवर धरून चिकटवली आणि अर्जाबरोबर कचेरीत नेऊन दिली.

सत्तावीस तारखेला दुपारी चौकशीवाले साहेब आले. तरुण होते. काखेत फाइल, कपाळावर घाम. दार ढकललं आणि टेबल थेट त्यांच्या अंगावर.

"सांभाळून!" आम्ही तिघं म्हणालो.

साहेबांनी खांदा चोळला आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. मग खुर्चीवर बसले. मामा समोर स्टुलावर. पाठ ताठ, गुडघे जुळवलेले. मी चहाचा ट्रे घेऊन दाराशी.

"तर तुमच्या जिवाला धोका आहे."

"आहे."

"कधीपासून?"

"पत्र आल्यापासून. म्हणजे... लिहिणाऱ्याच्या मनात आधीपासून असेल."

"भीती वाटते?"

"वाटते," मामा म्हणाला. पण त्याच्या चेहऱ्यावर भीतीची रेघही नव्हती. एकतीस वर्षं ज्या चेहऱ्याने दार सांभाळलं तोच चेहरा. मी साहेबांच्या मागून त्याला खुणा केल्या, डोळे मोठे कर, खांदे पाड. मामाने डोळे मोठे केले. खांदे पाडायला विसरला. आता तो साहेबांवरच चालून जाणार असं दिसू लागलं.

"झोप लागते?" साहेब खुर्ची जरा मागे सरकवत म्हणाले.

"अजिबात नाही."

"घोरतात," मामी म्हणाली.

"अगं!"

"जेवण?"

"दोन घासही जात नाहीत," मामा म्हणाला.

मामी काहीतरी बोलणार होती. मी तिच्या पायावर पाय ठेवला.

साहेबांनी फाइलमधून ती प्लॅस्टिकची पिशवी काढली, फोडली आणि पत्र वाचलं. मग पाकीट हातात घेतलं. पुढून पाहिलं. मग उलटं केलं. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि मोठ्याने वाचू लागले. पाठवणाऱ्याचं नाव. नाव मामीचं होतं. पूर्ण. वडिलांकडच्या आडनावासकट. मग पत्ता. हाच. आणि त्याखाली मामीच्या गोल, सुवाच्य अक्षरात, 'दुसरा मजला, डावीकडचे दार. बेल बंद आहे, दार ढकलावे. टेबल सांभाळावे.'

पुढच्या बाजूचं अक्षर माझ्या डाव्या हाताचं होतं. मी ट्रे डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

"हे तुम्ही लिहिलंत?" साहेबांनी मामीला विचारलं.

"हो. मागची बाजू कोरी होती." मामी मामाकडे न बघता म्हणाली. "यांनीच शिकवलंय. पाठवणाऱ्याचं नाव नसेल तर पाकीट दारातून आत घ्यायचं नाही. एकतीस वर्षांत किती पाकिटं यांनी परत पाठवली असतील! मी पेटीशी गेले, बघते तर नाव नाही. परत आलं असतं म्हणजे?"

हा नियम मामाचाच होता. नातेवाइकांच्या लग्नपत्रिकाही त्याने मागे पत्ता नाही म्हणून परत केल्या आहेत.

"म्हणजे यांना धमकी देणाऱ्या तुम्ही," साहेब म्हणाले.

आता मामी नाही म्हणेल, मामा सगळं कबूल करेल, माझं नाव पुढे येईल, असं मी मनात धरलं. पण मामी पदर सावरत म्हणाली, "हो. मी."

"जीव घेणार आहात?"

"बघू. विचार चालू आहे."

"कारण?"

"कारण त्यांना ठाऊक आहेच."

साहेबांनी ते तसंच लिहून घेतलं. या गृहस्थांना हसू येत नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. त्यांच्या तोंडावर काम नीट चालल्याचं समाधान होतं. एरवी म्हणे लोकांना धोका कोणाकडून ते सांगता येत नाही. इथे नाव, पत्ता, मजला, सगळं हजर.

"एक अडचण आहे," ते म्हणाले. "धोका घरातच राहत असेल तर त्या घरात बंदूक देता येत नाही. ती धोक्याच्याच हाती लागेल."

"मग?" मामा पुढे सरकला.

"वेगळे राहत असाल तर मात्र देता येते. पुरावा पक्का आहे, मी आजच शिफारस लिहितो. परवा परवाना हातात." त्यांनी एक कागद पुढे केला. "या रकान्यात खूण करा. अर्जदार व धोका एकत्र राहतात का? होय किंवा नाही."

परवा म्हणजे एकोणतीस.

"नुसतं लिहायचं ना?" मी विचारलं.

"नुसतं कसं? यांचा दुसरा पत्ता लागेल. परवाना आहे तोवर या घरात यांचं राहणं बंद. दर तीन महिन्यांनी आम्ही येऊन बघतो. न कळवता."

"माझ्या बहिणीकडे जागा आहे," मामी म्हणाली. आवाज साधाच. जसं कुणी सांगावं, डब्यात साखर आहे. "मागची खोली रिकामीच असते. लिहा पत्ता."

साहेबांनी मामाला पेन दिलं.

मामा कागदाकडे बघत होता. मग कपाटाकडे बघू लागला. कपाटाचं दार उघडं होतं, रबराच्या तुकड्यावरचा ठसा इथून दिसत होता. त्याचा डावा अंगठा हवेत हळूहळू फिरत होता, त्या खळगीवर फिरावा तसा. मला वाटतं तो ते कपाट मनात पुन्हा भरून बघत असावा. थोरली परत आलेली, रविवारची सकाळ, वर्तमानपत्र पसरलेलं, नळ्या चकचकीत. आणि खिडकीशी कुणीच नाही.

मामी खिडकीतून बाहेर बघत होती. एक डोळा नकळत मिटलेला.

"शिंपी काय करतोय?" मामाने विचारलं.

"दोरा ओवतोय. जमत नाहीये."

मामाने खूण केली. पेनाला टोपण लावलं. साहेबांनी कागद उचलला, वाचला. "होय. एकत्र राहतात." मान हलवली. "मग अर्ज निकाली. वाईट वाटतं मला. इतका व्यवस्थित पुरावा मी आजवर पाहिला नव्हता." उठताना ते मामीला म्हणाले, "आणि तुम्ही, बाई, जरा जपून. यांना काही झालं तर पहिलं नाव तुमचंच येणार." मग त्यांनी टेबल स्वतःच्या हाताने धरून ठेवलं, दार उघडलं, आणि टेबल परत टेकवून गेले.

चहा थंड झाला होता. मीच तिन्ही कप प्यायले.

"गेले असते ना मी," मामी म्हणाली. "बहीण काय परकी आहे?"

"पट्ट्या कोण फाडणार होतं?" मामा म्हणाला.

"तुम्हाला हात नाहीत?"

"फाडेन. पण आरपार दिसतंय का ते मला दिसत नाही. बारीक डाग दिसायचे बंद झालेत मला."

"चष्मा करा."

"करीन."

तो उठला. दाराशी गेला. इस्त्रीचं टेबल उचललं, त्याचे पाय एकदा शर्टाच्या बाहीने पुसले, कपाटापर्यंत नेलं आणि आत उभं केलं. मोजून घेतल्यासारखं बसलं. रबराच्या तुकड्यावर बरोबर. मामाने ते जरा डावीकडे कलतं केलं, कसं उभं राहायला हवं ते ठरलेलं असल्यासारखं, आणि कपाट बंद केलं. किल्ली फिरवली. आमच्या अंगावर यापुढे काही पडणार नव्हतं आणि त्याची मला, खरं सांगायचं तर, जराशी हुरहूर वाटली.

"पुरवठा करणाऱ्याचा पत्ता मी काढते, मामा," मी म्हटलं. "आमच्याच एखाद्या नाटकात येईल ती. तुला पहिल्या रांगेत बसवते."

"नको. ती तिथे खोटी असेल."

मामी बाजाराची पिशवी शोधत होती. चपला पायात सरकवत होती. मामा कपाटाला पाठ लावून उभा राहिला आणि त्याने मघापासून गिळून ठेवलेलं विचारलंच.

"एक सांगशील? खरं खरं. पाकिटावर नाव टाकलंस ते सवयीने? की मला कुणी शत्रू मिळेना म्हणून? की थोरली परत येऊ नये म्हणून?"

मामीने पिशवी झटकली. घडी घालून काखेत धरली. त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, एक डोळा बारीक करून, नळीतून बघायची तसं.

मग तिने दार उघडलं आणि बाहेर पडली. काहीच पडलं नाही. जिन्यावर तिच्या चपलांचा आवाज पहिल्या मजल्यापर्यंत ऐकू आला, आणि मामा तसाच उभा होता, डावा हात अर्धवट वळवून.